दापोलीच्या कातळावरचे पाणी

निसर्ग वादळाआधी आमच्या बागेत हापूसची ४१ झाडे होती. ३ जून २०२० च्या संध्याकाळी वारा थांबला तेव्हा १४ उभी होती. आम्ही टाळेबंदीमुळे मुंब्र्यात अडकलेलो. दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा अब्बा आणि चाचा दोघेच होते. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी चाचांचा आवाज आला, "घराची कौलं गेली, माणसं शाबूत आहेत. बागेचं विचारू नका."

तेव्हापासून आमच्या घरात ईदला भेटलो काय किंवा कुणाच्या निकाहला भेटलो काय, जेवण झाले की विषय एकच निघे. बाग पुन्हा लावायची की विकायची? चाचांनी २२ वर्षे कुवेतला काढलेली. भावनेत वाहून जाणारा माणूस नव्हे. त्यांचे म्हणणे सरळ होते. झाड लावायला वेळ लागत नाही, ते पहिले चार उन्हाळे जगवायला पाणी लागते, आणि आपल्या विहिरीत मार्चनंतर भांडे बुडत नाही. शेजाऱ्यांनी बोअर मारली, दोन वर्षांत तिचे पाणी मचूळ झाले. खाडी जवळ असली की जमिनीतले गोडे पाणी जास्त उपसल्यावर खारे पाणी आत सरकतेच. जमीन घ्यायला एक गिऱ्हाईक तयार होते. अब्बा मात्र काही बोलत नसत. उठून अंगणात जात.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो तेव्हा आपाने सुचवले की विकायचे ते विका, पण आधी एकदा विद्यापीठात जाऊन विचारू या. चाचा हसले. दापोलीत ज्या विद्यापीठाच्या फाटकावरून आपण जन्मभर एसटीने गेलो, तिथे आत कधी पाऊल टाकले नाही, हे मात्र त्यांनीही कबूल केले. आपल्यापैकी बऱ्याच घरांचे असेच असावे.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी कोकणाच्या वाट्याचे हे एक. आत शिरल्यावर रस्त्याच्या कडेने आंबा, काजू, मधूनच उंच माड, आणि झाडांमधून डोकावणारा काळपट लाल कातळ. इमारतींचे वर्णन करत बसत नाही. आमचे लक्ष होते ते कृषी अभियांत्रिकीच्या लोकांनी दाखवलेल्या दोन गोष्टींकडे. दोन्ही इतक्या साध्या की चाचा आधी थोडे नाराजच झाले. मोठे धरण नाही तरी निदान मोठा पंप तरी असेल, अशी त्यांची अपेक्षा.

पहिली गोष्ट म्हणजे कोकण विजय बंधारा. पावसाळा सरला की वहाळातले पाणी कमी होते, पण वाहत असते. तेव्हा आजूबाजूचेच दगडगोटे आडवे रचायचे, त्यांच्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि तो दगड-मातीने दाबून टाकायचा. सिमेंट नाही, गवंडी नाही. चार माणसे एका दिवसात काम उरकतात. मागे पाणी तुंबते, जमिनीत मुरते, खालच्या विहिरींना आधार मिळतो. पुढच्या पावसाआधी कागद काढून ठेवायचा. दगड पुन्हा तिथेच मिळतात.

दुसरी गोष्ट कोकण जलकुंड. हीच आमच्या कामाची निघाली. बागेच्या वरच्या अंगाला एक खड्डा खणायचा, बाजू उतरत्या ठेवायच्या, टोकदार दगड वेचून काढायचे, तळाला आणि बाजूंना भाताचा पेंढा किंवा तूस पसरायचा म्हणजे कागद फाटत नाही. वर सिल्पोलिनचा कागद. पावसाने खड्डा आपोआप भरतो. वरून माडाच्या झावळ्यांचे झाप, आणि पाण्यावर थोडे कडुनिंबाचे तेल. मग डिसेंबरपासून कलमांना मोजून पाणी घालायचे.

हे ऐकून आम्हाला आपल्या कोकणाची गंमत पुन्हा जाणवली. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपल्या खालचा जांभा सच्छिद्र. जमीन उताराची. पडलेले पाणी तासाभरात वहाळात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात. म्हणून ज्या गावात ऑगस्टमध्ये पत्र्यावरच्या आवाजाने अजान ऐकू येत नाही, त्याच गावात एप्रिलमध्ये मशिदीच्या हौदात टँकरने पाणी टाकावे लागते.

चाचांनी तिथल्या पायरीवर बसून औषधाच्या पावतीमागे हिशोब मांडला. चार मीटर लांब, दोन रुंद, एक खोल, म्हणजे आठ हजार लिटर. "उघडं ठेवलं तर?" त्यांनी विचारले. शिक्षक म्हणाले, "मग निम्म्याहून जास्त सूर्यच पिऊन टाकेल. झाप त्याचसाठी." झाप घालूनही चाचांनी दोन हजार लिटर वजा केले. माणूस हिशोबाचा. उरले सहा हजार. एका कलमाला आठवड्याला पंधरा लिटर, डिसेंबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पंचवीस आठवडे धरले तर पावणेचारशे लिटर. सहा हजारांत सोळा कलमे. पडली होती सत्तावीस. "दोन खड्डे," असे म्हणून त्यांनी पावती खिशात ठेवली.

आपाने एक अडचणीचा प्रश्न विचारला. हे पर्यावरणाचे काम म्हणता आणि त्यात प्लास्टिक कसे? शिक्षकांनी तो उडवून लावला नाही. कागद काही वर्षांनी खराब होतो, उंदीर कुरतडतात, गुरे उतरली तर खुरांनी फाटतो, आणि फेब्रुवारीत वणवा आला तर एका रात्रीत जातो. म्हणून भोवती कुंपण हवे, गवत कापलेला पट्टा हवा आणि जुना कागद रानात न टाकता परत आणायची सवय हवी. आमचे मत असे की त्या एका कागदावर सोळा झाडे उभी राहणार असतील तर तो सौदा वाईट नाही, पण आपाचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि तेही बरोबरच आहे.

मग रोपवाटिका. इथे अब्बा पहिल्यांदा बोलू लागले. या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' काढला. त्यात हापूसला होणारा साका होत नाही. पुढे १९९२ चा 'सिंधू', ज्याची कोय अगदी पातळ. अब्बांचा दोन्हींवर विश्वास नव्हता. "हापूस तो हापूस," एवढेच ते म्हणाले. पण एकाच जातीची सगळी बाग असली की एक रोग, एक वारा, एक खराब हंगाम सगळेच घेऊन जातो, हे आम्हाला पटले. हापूस त्यातून वर्षाआड धरणारा. तो दरवर्षी धरावा म्हणून मुळाशी घालायचे पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवकही याच विद्यापीठाच्या शिफारशीतले. त्यात मात्रा ठरवलेली आहे, झाडाचे वय आणि घेर पाहून. आमची बाग पाच वर्षे कराराने दिली होती. करार घेणाऱ्याला पाच वर्षांचेच पीक हवे होते, त्याने मात्रेचा विचार केला नसावा. आमची जी झाडे मुळासकट उपटली गेली, त्यांत तीच जास्त होती. वाऱ्याचा दोष किती आणि आमचा किती, हे आता कोण सांगणार. वाचकांपैकी ज्यांच्या बागा कराराने दिलेल्या आहेत, त्यांनी निदान काय घातले जाते ते विचारत जावे.

अम्मीचे लक्ष जायफळाच्या रोपांकडे. तिला बिर्याणीच्या मसाल्यापुरते जायफळ-जावित्री माहीत. ते आपल्या नारळाच्या सावलीत होते, हे नव्हे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या विद्यापीठाच्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस लावून दाखवले. लोक त्याला लाखी बाग म्हणतात. जायफळात एक खोच आहे. बी लावले तर झाड नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, आणि त्यात काही वर्षे जातात. म्हणून कलमच घ्यायचे. अम्मीने दोन घेतली, चाचांना न विचारता.

निघताना दुपारची नमाज झाली होती. परतीच्या वाटेवर बांध फुटून खारे पाणी शिरलेले आमचे खाजण लागले. तिथे पनवेलच्या खारभूमी केंद्रातून आलेल्या 'पनवेल' जातीचे भात होऊ शकते, असे आम्हाला सांगितले होते. चाचा गाडीतूनच म्हणाले, "एका वेळी एक."

मे महिन्यात आम्ही दोन खड्डे खणले. पहिला हात कातळाला लागला आणि अडीच फुटांवर थांबावे लागले. मग जागा बदलली. दुसरा सरळ गेला. पाचोळा जाळायचा नाही, आळ्यात पसरायचा, एवढे एक अब्बांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांनी आयुष्यभर भाताच्या रोपासाठी राब भाजलेला.

हे लिहिताना जुलै चालू आहे. दोन्ही खड्डे काठोकाठ भरले आहेत आणि त्यांत बेडूक आहेत. वीस कलमे लावली. चौदा हापूस, चार रत्ना, दोन सिंधू. रत्ना कुठली ते अब्बांनी वहीत लिहून ठेवले आहे, हापूसमध्ये मिसळायला नको म्हणून. गिऱ्हाइकाला चाचांनी नाही म्हटलेले नाही. दोन उन्हाळे जाऊ द्या, मग फोन करा, असे सांगितले आहे. परवा त्यांचा आम्हाला फोन आला, तो झावळ्यांबद्दल. डिसेंबरला येताना दोन दिवस जास्त काढून या, झाप विणायला माणूस मिळत नाही.