सहल सांगाड्यांच्या किनाऱ्याची!

बालमित्रांनो, वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उंट, वाळूच्या टेकड्या, रणरणतं ऊन. आणि समुद्र म्हटलं की? लाटा, होड्या, मासे. पण या जगात अशीही एक जागा आहे, जिथे वाळवंट थेट समुद्रात पाय सोडून बसलंय! गेल्या पावसाळ्यात आमच्या सातवीच्या वर्गाने तिथली सहल ठरवली. घाबरू नका, कागदावरची हं! नकाशा, वही आणि पेन्सिल, एवढाच खर्च.

आफ्रिकेचा नकाशा उघडा. खाली डाव्या हाताला, अटलांटिक महासागराच्या काठी नामिबिया हा देश आहे. तिथे समुद्राला लागून नामिब वाळवंट पसरलंय. त्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला 'स्केलेटन कोस्ट' म्हणतात, म्हणजे सांगाड्यांचा किनारा. देवमाशांची हाडं आणि फुटलेली जहाजं इथे पडलेली असत, म्हणून हे नाव. याच वाळवंटाच्या काठी, थोडं दक्षिणेला, १९०९ साली एक जर्मन जहाज धुक्यात रुतलं. समुद्र मागे हटला आणि जहाज राहिलं वाळूत. आज ते पाण्यापासून कितीतरी आत, वाळवंटात उभं आहे!

"बाई, वाळवंटात धुकं कसं?" वर्गातून प्रश्न आलाच. या किनाऱ्याजवळून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार होते आणि धुकं धरतं, पण पावसाचे ढग काही तयार होत नाहीत. किनाऱ्यावर वर्षाला २५ मिलिमीटरही पाऊस पडत नाही. इथला एक भुंगेरा तर पहाटे डोकं खाली नि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं धुक्याचं पाणी ओघळत थेट त्याच्या तोंडात! आहे की नाही हुशार?

आता आपण जाणार कशासाठी, ते सांगते. सर्फिंग बघायला! फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत जायचं, असा हा खेळ. २००७ साली एका अमेरिकन मासिकाने वाचकांना सांगितलं, उपग्रहाची चित्रं बघून नवी लाट शोधा. कॅलिफोर्नियातल्या ब्रायन गेबल नावाच्या संगणक तज्ज्ञाने घरबसल्या शोधली ती नामिबियातली लाट! वॉल्विस बे या बंदराजवळ वाळूची एक लांब जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्या बाहेरच्या बाजूला ही लाट वाळूला घासत एक किलोमीटरहून जास्त धावते. मोठ्या लाटांच्या दिवसांत जगभरचे सर्फर तिथे येतात. एरवी सील आणि काळ्या पाठीचे कोल्हे, बस्स!

"रिकामा किनारा? मग मज्जाच! कुणी ओरडायला नाही," मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला. सगळे हसले आणि आम्ही वही उघडली.

पहिला प्रश्न, कधी जायचं? मे ते ऑगस्ट. तेव्हा तिथे हिवाळा असतो. दूर दक्षिणेकडच्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून इथे पोहोचतात. पण रोज नव्हे! हवामानाचे नकाशे पाहून चार-पाच दिवस आधी अंदाज येतो. म्हणजे सामान बांधून तयार राहायचं.

दुसरा, काय न्यायचं? पाणी थंडगार, म्हणून सर्फरांना अंगभर रबरी पोशाख हवा. गाड्या चारही चाकांना जोर असलेल्या आणि दोन. एक रुतली तर दुसरी ओढेल. वाळूत शिरताना चाकांतली हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. पिण्याचं पाणी? माणसं ४, दिवस ३, माणशी रोज ५ लिटर. मुलांनी गणित केलं, ६० लिटर.

तेवढ्यात मी त्यांना 'डनेडिन स्टार'ची गोष्ट सांगितली. १९४२ साली हे ब्रिटिश जहाज सांगाड्यांच्या किनाऱ्याजवळ फुटलं. ६०हून अधिक माणसं वाळूवर उतरली, त्यांत बाळंही होती. मदतीला आलेली बोट स्वतःच फुटली आणि तिच्यावरचे दोघे बुडाले. पाणी घेऊन आलेलं विमान वाळूत रुतलं. सगळे सुटायला जवळजवळ महिना लागला!

वर्ग गप्प झाला. मग कोळीवाड्यातली एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, माझे बाबा होडी काढताना आईला सांगून जातात, कुठे जातो, कधी येतो. नाही आले, तर आई लगेच शेजाऱ्यांना उठवते. आपल्या वहीत ते लिहिलंच नाही."

मुलांनो, खरं सांगू? मला अंगावर काटा आला. डी.एड. करत असताना मैत्रिणींबरोबर मी समुद्रात उतरले होते. गुडघाभर पाण्यातून ओढीने मला कधी आत नेलं, कळलंच नाही. एका कोळीकाकांनी होडी घालून बाहेर काढलं. त्या दिवशी किनारा रिकामा असता, तर हा लेख लिहायला मी नसते.

आम्ही वही पुन्हा लिहिली. पाणी दुप्पट, १२० लिटर. उपग्रहावर चालणारा फोन. भरतीची वेळ. बंदरात थांबणाऱ्या माणसाचं नाव आणि परतायची वेळ, पहिल्याच पानावर. आणि त्या लाटेत उतरायचं कुणी? ती उथळ, टणक वाळूवर आदळते. तिथला प्रवाह पट्टीच्या सर्फरालाही खेचत नेतो. म्हणून ठरलं, आपण काठावरून बघायचं. मागच्या बाकावरचा गडी जरा हिरमुसला. मग त्यानेच शेवटची ओळ लिहिली, "तिथे कोळीकाका नाहीत, म्हणून आपणच आपले कोळीकाका."

तुम्हीही काढा नकाशा आणि ठरवा एक कागदी सहल. फक्त पहिल्या पानावर काय लिहायचं, ते विसरू नका बरं का!