पेशींच्या मागावर

आप्पांचा खुबा बदलून वर्ष उलटलं तरी दुखणं हटेना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जन्मभर पॉवरलूमपुढं उभा राहिलेला माणूस घरातल्या घरात काठी टेकत चालू लागला. नवा सांधा नुसता सैल झालाय की आत जंतुसंसर्ग आहे, हे एक्स-रेवरून ठरत नव्हतं, आणि दोन्हींचे इलाज वेगळे. सोलापूरच्या डॉक्टरांनी ल्युकोसाइट स्कॅनची, म्हणजे पांढऱ्या पेशींवरून संसर्ग शोधणाऱ्या तपासणीची, चिठ्ठी दिली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आम्ही मुंबई गाठली.

तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागातल्या तंत्रज्ञ ताईंचं माझ्यावर ऋण आहे. आप्पांचं रक्त काढताना त्या म्हणाल्या, "काका, तुमच्याच पांढऱ्या पेशी तुम्हाला परत देणार. दुखणं कुठंय ते त्यांना बरोबर कळतं. आपण फक्त त्यांच्या मागावर राहायचं."

सिरिंज उभी ठेवून त्यांनी तांबड्या पेशी खाली बसू दिल्या. वरचा भाग सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवला. मग किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एचएमपीएओ नावाचं रसायन त्या पेशींत घातलं. ते पेशीच्या स्निग्ध पडद्यातून आत शिरतं, आत गेल्यावर त्याचं रूप पालटतं आणि बाहेर येणं अवघड होतं. टेक्नेशियमचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो, तरी ताईंच्या हाताला घाई नव्हती. पेशी दुखावल्या तर फुप्फुसातच अडकून बसतात. रक्त परत देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यानं नाव, नंबर मोठ्यानं वाचून पडताळला. एकाचं रक्त दुसऱ्याला जाता कामा नये, ही काळजी मला त्या यंत्रांहून मोठी वाटली.

या हातांमागं आणखी हात आहेत. १९७६ साली लंडनमध्ये सीगल, ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियम-१११ची खूण केलेल्या पांढऱ्या पेशींनी शरीरातली गळवं हुडकून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आपल्याकडं १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं होतं. हे सगळं नसतं तर आप्पांचा खुबा अंदाजानंच उघडावा लागला असता.

काही तासांनी काढलेल्या चित्रात खुब्याजवळ पुसटशी चमक होती. तेवढ्यावर निकाल देता येत नाही. अस्थिमज्जेतही या पेशी जातातच. दुसऱ्या दिवशी मज्जेतली चमक ओसरलेली आणि खुब्याजवळची वाढलेली दिसली. जंतुसंसर्गच होता.

निघताना आभार मानले, तर ताई म्हणाल्या, "पुढं पेशंटचं काय झालं, हे आम्हाला कुणी कळवत नाही हो."

सोलापुरात ऑपरेशन झालं. आत पू निघाला, कल्चरमध्ये जंतू सापडला. जुना सांधा काढून, अँटिबायोटिक्स पूर्ण करून, काही महिन्यांनी नवा बसवला. आप्पा सिद्धेश्वराच्या देवळात पायी जाऊन आले, त्याच संध्याकाळी मी ताईंना पत्र लिहिलं. कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली.