शोकेसमधलं पांढरं पोवळं

कंपूतल्या आमच्या घरी शोकेसमध्ये एक पांढरं, फांद्याफांद्यांचं पोवळं आहे. सासऱ्यांनी १९७४ साली रामेश्वरच्या यात्रेहून आणलेलं. (आता असं काही आणायचं नाही हं! २००१ पासून आपल्याकडच्या प्रवाळांना वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे.) दर दिवाळीला ते पुसताना वाटायचं, पोवळं एकतर अंगठीतलं लाल, नाहीतर हे पांढरं. "आई, तो नुसता चुन्याचा सांगाडा आहे," असं टोरांटोच्या मुलानं सांगितलं, तेव्हा गंमत वाटली होती.

त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, तीत जिवंत प्रवाळ. हे गेले तेव्हा त्याला पोहोचायला दोन दिवस उशीर झाला. त्यानंतर आमचं बोलणं "जेवलीस का, औषध घेतलंस का" एवढ्यावरच आलं होतं. मग जानेवारीत एकदा अवेळी फोन. टाकीचा हीटर चालूच राहिला, पाणी २६ अंशांवरून ३२ वर गेलं आणि प्रवाळ पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "अरे, सहा अंशांनी काय होतं? आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं!"

तो हसला नाही. समजावत बसला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर अन्न तयार करून त्यालाही देतं. शैवालाचा रंग तपकिरी. उजेड कमी पडला की ते वाढतं आणि प्रवाळही तपकिरी दिसतो. उजेड प्रखर असला की प्रवाळ स्वतःचे निळे-जांभळे रंग धरतो, आपण उन्हात छत्री धरतो तसे. पाणी तापलं की मात्र शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक अंगातून सांगाडा दिसतो. म्हणजे पांढरा झाला तरी मेलेला नसतो, उपाशी असतो.

त्यानं दिवे मंद केले. रोज संध्याकाळी मला व्हिडिओवर टाकी दाखवू लागला. दोन प्रवाळ दगावलेच. सहाव्या आठवड्यात उरलेल्या एकाच्या बुडाशी चहाच्या डागासारखा रंग दिसला. इतका मळकट रंग पाहून मी आयुष्यात कधी एवढी खूश झाले नव्हते.

परवा त्याच फांदीचं टोक पुन्हा पांढरं दिसलं. मी घाबरले.

"अगं, वाढणारं टोक पांढरंच असतं. शैवाल अजून तिथवर पोचलेलं नसतं."

"पट्टी लावून दाखव बरं."

आठ मिलिमीटर.