समुद्रात रेंज कुणाची?

मरीन परेडकरांना जहाजांचं फारसं अप्रूप नाही. आपली वसाहतच मुळी समुद्रात भराव घालून, 1970च्या दशकात उभी राहिलेली. संध्याकाळी ईस्ट कोस्ट पार्कात फिरायला जावं तर समोर नांगरलेल्या जहाजांची रांग! पलीकडे इंडोनेशियाचं बाताम बेट जेमतेम वीसेक किलोमीटरवर; त्यामुळे आपण किनाऱ्यावरच असतो, पण मोबाईल कधीकधी परदेशी जाऊन येतो.

क्रूझवर तर हे भान हवंच. किनारा जवळ असेतो फोन जमिनीवरचा टॉवर धरतो. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क सुरू होतं आणि बोलणं उपग्रहामार्फत जातं. रेंज भरपूर दिसते, पण नेहमीचं रोमिंग पॅकेज तिथे बहुधा चालत नाही. बिल बघून डोळे पांढरे होतात! म्हणून चढताच फ्लाइट मोड लावा आणि हवं तर जहाजाचं वाय-फाय विकत घ्या.

पण मंडळी, खरा प्रश्न पैशांचा नाही. तिकडे पुण्या-साताऱ्याला एकटी आई ठरल्या वेळी फोनची वाट बघत असते. तीन दिवस फोन लागला नाही की तिचा जीव टांगणीला. आणि तिलाच काही झालं तर शेजाऱ्यांनी कळवायचं कुणाला? तेव्हा बॅगा भरण्याआधी तिला फोन करा. जहाजाचं नाव, परतीची तारीख आणि इथल्या एखाद्या मित्राचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून घ्यायला सांगा. शेजारच्या काकूंनाही तोच नंबर देऊन ठेवा.