पुलाखालची वाट

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता, हे दोन्ही काही अंतर एकत्र चालतात आणि रत्नागिरी जिल्ह्यातील पाली या गावी एकमेकांचा निरोप घेतात. जमिनीवर दोन वाटांचा असा मेळ सहज बसतो. पण समुद्रात एकाची वाट दुसऱ्याच्या वाटेवर खांब रोवू लागली तर? मुंबईतील वरळीच्या कोळ्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

वरळीच्या लहानशा किल्ल्याभोवती जुना कोळीवाडा आहे. तेथील क्लीव्हलँड बंदरातून होड्या मासेमारीस निघतात. मुंबई महापालिकेने २०१८ साली सागरी किनारा रस्त्याचे काम हाती घेतले. हा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडण्यासाठी समुद्रात पूल बांधायचा होता, आणि त्याचे खांब होड्यांच्या वाटेतच येत होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. कागदावर ते पुष्कळ दिसते. होडीची रुंदी ती किती! परंतु होडी म्हणजे रुळावरून धावणारी गाडी नव्हे. वारा सुटला, भरतीचा ओढ वाढला, की ती बाजूला फेकली जाते. त्यातच एक होडी येत असावी व दुसरी जात असावी, म्हणजे नाखव्याच्या जिवाशी गाठ! कोळ्यांनी २०० मीटर वाट मागितली. कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी आपल्या होड्या आडव्या घालून काम रोखले.

रस्ता नको, असे मात्र कोळी म्हणत नव्हते. म्हणूनच बोलण्यास जागा उरली. बैठकांवर बैठका झाल्या. कोळी २०० वरून १६० मीटरवर आले. महापालिका ६० मीटर सोडावयास तयार होईना. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कोळ्यांशी चर्चा केल्यावर १२० मीटरवर तडजोड झाली. मधला एक खांब गाळावयाचा ठरला. कोणालाच हवे ते सारे मिळाले नाही. कोळ्यांनी मागणी आवरती घेतली, महापालिकेने वाढीव खर्च आणि विलंब पत्करला.

खांब गाळणे बोलण्याइतके सोपे नव्हते. एवढे अंतर झेपावे म्हणून धनुष्याच्या आकाराच्या प्रचंड पोलादी कमानी तयार कराव्या लागल्या. पहिली कमान १३६ मीटर लांब व सुमारे २००० टन वजनाची होती. न्हाव्याहून तराफ्यावर चढवून तिला समुद्रमार्गे वरळीस आणले आणि २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे, भरती-ओहोटीचा हिशेब सांभाळून, खांबांवर अलगद टेकविले. ज्या भरतीचा धाक कोळी सांगत होते, तिचीच वेळ आता अभियंत्यांनाही पाहावी लागली! पुढच्याच महिन्यात दुसरी कमान बसली.

सप्टेंबर २०२४ पासून या पुलावरून मोटारी धावू लागल्या. कमानीखालची ती १२० मीटरची वाट मात्र होड्यांसाठी मोकळी राहिली.