फुटेल काच

१९८९च्या हिवाळ्यात मी नववीत होतो. एके दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं-चौघं लोणारच्या विवराच्या काठावर गेलो, तर तिथं एक परदेशी बाई उभ्या होत्या. सोबत शहरातून आलेली मंडळी. बाईंनी खालच्या तळ्याकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. प्रश्न कळला याचाच मला इतका आनंद झाला, की मी लगेच बोलून गेलो, 'स्टार हॅज फेल.' बाईंनी मान हलवली. त्यांना समजलं होतं. पण सोबतचा एक गृहस्थ मोठ्यानं हसला आणि मराठीत म्हणाला, 'अरे, हॅज म्हटलं की फॉलन! पाचवीपासून हेच शिकवतात का तुम्हाला?'

मित्रांसमोर तोंड लपवायला जागा उरली नाही. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. फॉल-फेल-फॉलन मला पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं (पहिलीपासून ते आलं २००० साली), आणि सहावी-सातवीत क्रियापदांचा तक्ता यायचा. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री अशी तीन घरं. गो-वेन्ट-गॉन, राइट-रोट-रिटन, सगळं पाढ्यांच्या चालीवर, एका दमात. गुरुजी तळमळीनं शिकवायचे, त्यात कसूर नव्हती. 'हॅव, हॅज, हॅडच्या पुढं तिसरं घर' हा नियमही त्यांनी फळ्यावर लिहून दिला होता. पण हे तिसरं घर बांधलंच कशासाठी, दुसऱ्यानं काय अडलं होतं, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढं मी इंग्रजीचाच शिक्षक झालो आणि मेहकरजवळच्या एका शाळेत लागलो. माझ्याही वर्गात भिंतीवर तक्ता, माझ्याही पोरांची तीच चाल. आणि वहीत तेच : 'आय हॅव सॉ', 'ही हॅज वेन्ट'. मी लाल पेनानं गोल करत गेलो. वर्षानुवर्षं.

मग एका सकाळी वर्गात शिरलो तर खिडकीखाली काचा पडलेल्या. कुणी फोडली म्हणून विचारलं. मागच्या बाकावरचा मुलगा घाबरून उभा राहिला. 'सर, म्या नाई फोडली. आलो तवाच फुटेल होती.'

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, 'फुटेल नाही, फुटलेली म्हण.' बी.एड.ला गेल्यापासून वऱ्हाडी शब्द खोडायची सवय मला लागली होती. आणि बोलता बोलता मी थांबलो. फळ्यावर आदल्या दिवशीचं ब्रेक-ब्रोक-ब्रोकन तसंच होतं. मी ज्या तिसऱ्या घरासाठी वर्षभर डोकं फोडत होतो, ते त्या पोरानं न मागता, अगदी योग्य जागी वापरलं होतं. आणि मी ते चूक ठरवलं होतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'फुटेल काच' म्हटलं की काच अजून फुटायची आहे असं वाटेल, कारण प्रमाण मराठीत 'फुटेल' हा भविष्यकाळ. आमच्याकडे ती फुटून गेलेली असते. शिकेल माणूस, सडेल आंबा, फाटेल सदरा, मरेल ढोर. 'काच फुटली' ही घडलेली गोष्ट झाली. 'काच फुटेल हाय' म्हटलं की फुटणं केव्हाचं होऊन गेलं, त्याची खूण मात्र समोर पडलेली आहे. ब्रोक आणि ब्रोकन यांच्यात हाच फरक आहे. म्या पाह्यलं, म्हणजे सॉ. म्या पाहेल हाय, म्हणजे सीन. केलं म्हणजे डिड, करेल म्हणजे डन. प्रमाण मराठीतही केलं आणि केलेलं आहेच, पण आमच्या पोरांच्या जिभेवर 'करेल' आहे. ते त्यांनी तक्त्यावरून पाठ केलेलं नाही.

त्याच दिवशी तक्त्यावर चौथं घर आखलं आणि पोरांनाच भरायला सांगितलं. रिटन : लिहेल. स्टोलन : चोरेल. फॉलन : पडेल. एवढा गलका त्या वर्गात कधी झाला नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की तिसऱ्या घरातले शब्द तर गावभर फिरताहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, कुठंही जा, क्लासची पाटी असते 'स्पोकन इंग्लिश'. स्पीक नाही, स्पोक नाही, स्पोकन. बोलेल इंग्रजी. टॉर्चवर 'मेड इन इंडिया'.

यानं सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. 'म्या त्याले काल पाहेल हाय' हे आमच्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत यस्टर्डे आला की सीन बाहेर, सॉ आत. तिथं पोरं हमखास अडकतात, आणि तो नियम वेगळाच शिकवावा लागतो. शिवाय वऱ्हाडी -एल तुम्हाला जागा दाखवतं, रूप नाही. रूप पाठच करावं लागतं. फक्त आता मी सरसकट घोकायला लावत नाही, कुळं पाडतो. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, रिंग-रँग-रंग हे एक कूळ. कट, पुट, हिट तिन्ही घरांत तेच. ब्रॉट, बॉट, टॉट दोन घरांत एकच. आणि शेवटी 'न' लागणारं मोठं कूळ, ब्रोकन-गिव्हन-टेकन. या 'न'चं आणि आपल्या भिन्न, छिन्न, पूर्ण यांतल्या 'न'चं मूळ एकच आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

'गो'चं 'वेन्ट' का, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. वेन्ट हे मुळात वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, ते 'गो'च्या घरात येऊन राहिलं. हे सांगितलं की मी उलट विचारतो, 'जाणे'चं 'गेला' कसं झालं? 'जाला' का नाही? वर्ग गप्प होतो. जाणे संस्कृतातल्या 'या' धातूपासून आलं, गेला आलं 'गत'पासून, म्हणजे 'गम्'पासून. आपल्याही घरात दोन धातू एकत्र नांदताहेत. माझी मुलगी तीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणायची. इंग्रज आईबापांच्या घरी त्या वयाचं लेकरू 'गोड' म्हणतं, वेन्ट नाही. कुणी हसत नाही. ते नियम शोधत असतं.

दोन वर्षांपूर्वी सातवीला घेऊन लोणारला गेलो. जवळपास १.८ किलोमीटर रुंद विवर पाहून पोरं आधी गप्पच झाली. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली, उल्का आदळून हे तयार झालं, एवढं सांगून मी वह्या काढायला लावल्या. तिसऱ्या घराचं जे जे दिसेल ते टिपायचं. कुणी दैत्यसूदन मंदिराच्या आवारातल्या फुटेल मूर्ती लिहिल्या, कुणी काठावरचं पडेल झाड. एक मुलगी दगडाशी बराच वेळ उभी होती. त्यावर कुणीतरी रंगानं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. 'समवन हॅज' एवढं लिहून तिचं पेन थांबलं होतं.

'सर, रोट का रिटन?'

मी उत्तर दिलं नाही. तिनं दगडाकडे पाहिलं, ओठातल्या ओठात म्हणाली, 'लिहेल हाय,' आणि वाकून पुढचा शब्द लिहिला.