विस्तवाविना

हणजूणच्या एका बोळात चार टेबलांचं व्हीगन हॉटेल. शेगडीच नाही, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर काही तापवायचं नाही, हा नियम. पास्ता म्हणून झुकिनीच्या लांब, ओलसर पट्ट्या आल्या, वर काजूचं आंबवलेलं ‘चीज’. चीज झकास, किंचित आंबूस, जिभेवर रेंगाळणारं. पण बाजारातला काजूगर कच्चा कुठला? बी भाजून किंवा वाफवूनच फोडतात, नाहीतर टरफलातला चीक हात पोळतो. खरा कच्चा तो ओला काजू, आणि त्याची आपण उसळ करतो! पट्ट्यांचा मात्र निम्म्यावरच कंटाळा आला. चैत्रातली आंबेडाळही न शिजवलेलीच, पण तिच्यावर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी पडते. इथे मला तीच हवी होती. बिल बघून नवरा म्हणाला, “गॅस वाचवून एवढं?”